शेपटी सोडून

नाखव्याला हंगामातला पहिला इशारा मिळाला तो त्याच्या सुनेच्या हातून, आणि त्याच दुपारी तिनंच त्याला जेवायला वाढलं.

इशारा म्हणजे पिवळ्या कागदाची चिठ्ठी. वर होडीचा नंबर आणि तारीख, खाली एका ओळीत गुन्हा: ‘आखूड बांगडे, अकरा.’ त्याखाली सुनेची सही. नाखव्यानं चिठ्ठी उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला माफी लिहिलेली असावी.

“फक्त अकराच आहेत,” तो म्हणाला.

“म्हणून अकरा लिहिलंय, मामा.”

“घरी बोलू आपण.”

“घरी मी सून आहे. इथं मोजणीदार.”

धक्क्यावर टोपल्या घेऊन रांगेत उभे असलेले लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला भोंगा. भोंगा नाखव्याचा शेजारी. त्याचीही एक होडी होती, आणि तो कुजबुजला तरी समोरच्या होडीवर ऐकू जायचं. “काय नाखवा,” तो ओरडला, “घरातल्या घरात पोलिस ठेवलाय होय!”

समुद्रातला मासा वर्षागणिक कमी होत चालला होता. यावर गावात कुणाचं दुमत नव्हतं. का, यावर मात्र जितक्या होड्या तितकी मतं, आणि प्रत्येक मतात दोष दुसऱ्या होडीचा. मासेमारी खात्याचा चष्मेवाला साहेब दोन वर्षं येऊन मासे मोजत होता, त्यांची पोटं चिरून आत काय आहे ते वहीत लिहीत होता. शेवटी त्यानं नियम काढला. अठरा सेंटिमीटरपेक्षा आखूड बांगडा धक्क्यावर आणायचा नाही. गळाला लागला तर तिथल्या तिथं, जिवंत, पाण्यात सोडायचा. आणला तर इशारा. एका हंगामात तीन इशारे झाले की परवाना जमा, होडी वाळूवर.

मोजायचं काम घ्यायला गावातलं कुणी तयार होईना. नवऱ्याच्या मित्रांचे, दिराचे, भावकीचे मासे मोजणार कोण आणि मग लग्नकार्याला तोंड दाखवणार कसं? सुनेनं अर्ज केला. ती शिंप्याची लेक. माप घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं.

आठ दिवसांनी दुसरी चिठ्ठी मिळाली, आणि ती पहिलीपेक्षा लाजिरवाणी होती.

बांगडा थोडा कमी भरत असला तर एक युक्ती सगळेच करत. मासा ओला करायचा, डोकं डाव्या मुठीत धरायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीनं शेपटी सावकाश ओढायची. सुतभर वाढतो. नाखव्याचा हात मात्र चाळीस वर्षं नांगर ओढून घट्ट झालेला, त्याला सावकाश ठाऊक नव्हतं. रांगेत उभ्या उभ्या, टोपलीवर वाकून त्यानं दोन मासे वाढवले. तिसऱ्याची शेपटी हातात आली.

सुनेनं शेपटीकडे पाहिलं, मग माशाकडे.

“हा आता आणखी आखूड झाला, मामा.”

रांगेत कुणीतरी हसता हसता बर्फाच्या पेटीवर बसलं. भोंग्यानं ती शेपटी मागून घेतली आणि कानाला अडकवून धक्काभर फिरला.

त्या दिवशी नाखवा जेवायला बसला. सुनेनं वाढलं, त्यानं खाल्लं. पाणी हवं होतं तेव्हा त्यानं तांब्याकडे पाहिलं. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, मान खाली घालून जेवत होता. होडीचं इंजिन तो सांभाळायचा. घरात बापाची बाजू घ्यायची नाही आणि बायकोचीही नाही, असं त्यानं मोजणी सुरू झाल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि या धोरणामुळे तो बराच बारीक झाला होता.

“पट्टी मागून आणा जाऊन साहेबाकडून,” नाखव्याची बायको म्हणाली. “सगळ्यांकडं आहे. एक इशारा उरलाय. होडी वाळूवर आली तर तुम्ही दिवसभर घरात बसणार, आणि ते मला झेपायचं नाही.”

हंगामाच्या सुरुवातीला साहेबानं प्रत्येक होडीला प्लास्टिकची एक पट्टी फुकट वाटली होती. पट्टीवर माशाचं चित्र होतं आणि तांबडी रेघ. नाखव्यानं सगळ्यांसमोर ती परत केली होती. “चाळीस वर्षं समुद्रावर आहे मी. आज पट्टी देताय, उद्या पोहायला शिकवाल!” लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या आता महागात पडत होत्या.

“स्वतः थुंकलेलं चाटू का मी?” नाखवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायकोची भाजी चिरायची फळी गायब झाली.

फळी साधी नव्हती. जाड, जड, माहेराहून आणलेली. तीस वर्षांच्या सुरीनं मधोमध खोलगट झालेली, एका कोपऱ्यात कोयत्याचा घाव. नाखव्याच्या बायकोनं चुलीमागं पाहिलं, खाटेखाली पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून कुंपणाशी गेली. भोंग्याच्या बायकोनं गेल्या आठवड्यात ती फळी मागून नेली होती. परतही केली होती, पण संतापाच्या वेळी हे कुणाला आठवतं?

“अगं, घरात फळी नसेल तर सांगायचं, मी नवीन आणून दिली असती!”

“तुझ्या त्या खड्डा पडलेल्या फळीला कोण हात लावतंय? कांदा चिरला की खड्ड्यात जाऊन बसतो!”

“नेताना बरा खड्डा दिसला नाही!”

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. एकाच नळावर पाणी भरताना त्या एकमेकींशी बादलीमार्फत बोलत, म्हणजे बादली आदळून.

फळी होडीच्या पुढच्या टोकाला, दोऱ्या ठेवायच्या खणात होती, गोणपाटात गुंडाळलेली. नाखव्यानं सुनेच्या शिवणाच्या डब्यातली टेप चोरून अठरा सेंटिमीटर बरोबर मोजले होते, आणि एका टोकाला खिळा ठोकून दुसरीकडे सुरीनं खोल रेघ ओढली होती. माशाचं तोंड खिळ्याला टेकवायचं, अंग फळीवर सरळ करायचं आणि रेघ बघायची. रेघेला पोचला तर टोपलीत, नाही तर पाण्यात. कुणाला विचारायला नको, कुणाच्या पट्टीचे उपकार नकोत.

मापात चूक नव्हती. चूक होती ती माशात.

गावात मासा शेपटीसकट कधी मोजतच नसत. नाखव्याच्या आईनं बाजारात बसून मासे विकले ते तोंडापासून बेचकीपर्यंत, म्हणजे शेपटीला जिथं दोन फाटे फुटतात तिथपर्यंत बोटं टेकवून. शेपटी कुणी खात नाही, तर ती मापात कशाला? “शेपटी सोडून वीतभर,” असं ती सांगायची, आणि गिऱ्हाईकही तसंच मागायचं. खात्याचं माप शेपटीच्या टोकापर्यंत होतं. ते पट्टीवरच्या चित्रात स्पष्ट दाखवलं होतं, म्हणून पट्टीवाल्यांनी कुरकुर न करता शेपटी मोजायला घेतली. नाखव्याकडे पट्टी नव्हती. त्याच्याकडे आईची बोटं होती. शेपटी ओढली की माशाचं अंगच लांबतं असं तो धरून चालला होता, आणि सुनेचं ‘आखूड झाला’ त्याला नुसता टोमणा वाटला होता.

पहाटे उजाडता उजाडता बापलेक निघायचे. दहा-दहा गळांची दोरी पाण्यात सोडायची, बोटावर तिचा झटका जाणवेपर्यंत बसायचं, मग ओढायची. नाखव्याच्या दोन्ही तर्जन्यांवर दोरीचे खोल चर पडले होते. खाऱ्या पाण्यानं ते सकाळी झोंबायचे आणि दुपारी बधिर व्हायचे. दोरीवर सात-आठ बांगडे फडफडत यायचे. एकेक सोडवून फळीवर, खिळ्याला तोंड, रेघ.

“नाही.” पाण्यात.

“नाही.” पाण्यात.

“हा बघ, जरासा. नाही.” पाण्यात.

तिसऱ्या दिवशी मुलगा इंजिनापासून म्हणाला, “बाबा, शेपटी पण धरायची असेल का?”

“शेपटी तू खातोस?”

“नाही.”

“मग इंजिन बघ. आणि होडीवरचं होडीवर.”

होडीवरचं होडीवर, हा नाखव्याच्या होडीचा जुना कायदा. समुद्रात झालेलं बोलणं, भांडण, ओकारी, काहीही घरी न्यायचं नाही. मुलानं मान डोलावली. त्याला तसंही न बोलायला निमित्त हवंच असायचं.

असे सात आठवडे गेले. नाखव्याची टोपली जेमतेम तळ झाकायची. “मासाच बारीक झालाय,” तो धक्क्यावर सांगायचा. “नियम करायला उशीर केला साहेबानं.” बाकीच्यांच्या टोपल्या काठोकाठ नसल्या तरी निम्म्याच्या वर असायच्या, त्यामुळं या बोलण्याचा लोकांवर फारसा परिणाम होत नव्हता. घरी बायको ताट वाढताना भांडं खरवडायची आणि तो आवाज मुद्दाम लांबवायची.

सून रोज मोजत होती. मोजलेलं वहीत जात होतं. तिसऱ्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं की काहीतरी विचित्र आहे. इतरांच्या होड्यांवरचे मासे तांबड्या रेघेपाशी दाटीवाटीनं उभे असायचे: अठरा, साडेअठरा, एकोणीस. सासऱ्याच्या टोपलीत सगळ्यात लहान मासा वीसचा. अठरा ते वीस या मापाचे बांगडे नाखव्याशी जणू बोलतच नव्हते.

भोंग्यानं वही पाहिली नव्हती, पण त्याला टोपली दिसत होती आणि त्याच्यापाशी आवाज होता. “अहो, दिवसभर समुद्रात असतो आणि मूठभर मासे आणतो! बाकीचे कुठं जातात? मी सांगतो. बाहेरच्या मोठ्या बोटीला विकतो, बारीकसारीक सगळे! आणि इथं सुनेला दाखवायला चार निवडक आणतो. वा रे घर! सून मोजते, सासरा विकतो!”

हे साहेबापर्यंत पोचायला दोन दिवस लागले, आणि तेही साहेब गावाला गेला होता म्हणून. त्यानं वही मागवली, चष्मा पुसला, सगळे आकडे बोटानं खालीवर केले आणि लिहून कळवलं: सोमवारी सकाळी लिलावाच्या शेडमध्ये चौकशी. समाधान झालं नाही तर तिसरा इशारा, आणि परवाना जमा.

रविवारी दुपारी बायको नळावर गेली होती. मुलगा ओट्यावर गळ बांधत होता. नाखवा आतल्या खोलीत छपराकडे बघत पडला होता. सून दारात येऊन उभी राहिली.

“मामा, एक विचारू?”

“विचार. उद्या साहेब विचारणारच आहे, सराव होईल.”

“मासा कुठून कुठपर्यंत मोजता?”

नाखवा उठून बसला. “म्हणजे? मासा कसा मोजायचा ते आता शिंप्याची पोर मला शिकवणार?”

सुनेनं तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर पाण्यानं एक मासा काढला: तोंड, पोट, शेपटी. “खात्याचं माप इथून,” तिनं तोंडावर बोट ठेवलं, “इथपर्यंत.” बोट शेपटीच्या टोकाला थांबलं.

नाखवा त्या माशाकडे बघत राहिला. फरशी गरम होती; शेपटी आधी वाळली, मग पोट. बाहेर ओट्यावर गळ बांधायचा आवाज थांबला होता.

“सात आठवडे,” नाखवा हळूच म्हणाला. मग त्यानं मुलाच्या दिशेनं पाहिलं. मुलगा पुन्हा भराभर गाठी मारू लागला.

“उद्या सांगून टाका, मामा. चूक आहे ती, गुन्हा नाही.”

“काय सांगू? चाळीस वर्षांच्या नाखव्याला मासा मोजता येत नाही? त्या भोंग्यासमोर?” त्यानं आवाज खाली आणला. “हे बघ पोरी. चोर म्हणाले तर म्हणू दे. चोराला लोक निदान दार बंद करण्याइतका मान देतात. येड्याला बघायला दारं उघडतात.”

“परवाना जाईल.”

“जाऊ दे.”

“मग मीच सांगते.”

“तू सांग. सून सासऱ्याला वाचवायला गोष्ट रचतेय, असंच म्हणतील. तुझं मापही कुणी खरं मानणार नाही मग.”

हे खरं होतं, आणि तिलाही ते कळत होतं. ती ओट्यावर नवऱ्याकडे गेली. “कशावर मोजतात ते? टेपवर? काठीवर? काहीतरी असेल ना होडीवर!”

नवऱ्यानं गळाची गाठ आवळली. “होडीवरचं होडीवर,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, कुणालाही उद्देशून नाही असं, “पण होडी काही घरात नसते. ज्याला बघायची त्यानं जाऊन बघावी.”

लग्नानंतर तो तिच्याशी इतकं राजकारणी कधी बोलला नव्हता.

सोमवारी शेड भरली. चौकशी नाखव्याची असली तरी लोक अर्धा दिवस काम सोडून आले होते. साहेब उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसला. त्याच्या शेजारी सून, वही घेऊन. नाखव्याची बायको पुढं उभी होती. तिच्यापासून एक माणूस सोडून भोंग्याची बायको. मधला माणूस अवघडून गेला होता.

“बाकीचे मासे कुठं जातात?” साहेबानं विचारलं.

“सोडतो.”

“इतके?”

“लहान असतात.”

“इतरांना त्याच जागी मोठे कसे मिळतात?”

नाखव्यानं लुंगीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

“मोठ्या बोटीला विकता का?”

नाखव्यानं एकदा भोंग्याकडे पाहिलं, छाती पुढं काढली आणि म्हणाला, “तुम्हाला जे वाटतं ते लिहा.” चोराला शोभेल असा चेहरा करायचा त्याचा प्रयत्न होता, पण सवय नसल्यानं तो पोट दुखतंय असा दिसत होता.

“बघा, बघा! कबूल!” भोंगा गरजला.

सून उठली. “साहेब, नियमाप्रमाणे चौकशीच्या आधी होडी तपासायची असते. तपासलेली नाही.”

साहेबानं नियमाचं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि ते खरं निघालं. दोन माणसं गेली. शेडमधून होडी दिसत होती. त्यांनी इंजिन पाहिलं, टोपल्या उलट्या केल्या, मग पुढच्या खणात हात घातला. नाखव्यानं होडीकडे पाठ केली. माणसं परत आली ती गोणपाटात गुंडाळलेली जड वस्तू घेऊन. साहेबानं गोणपाट उलगडलं.

“माझी फळी!”

नाखव्याची बायको इतक्या जोरात ओरडली की भोंगाही दचकला. ती पुढं आली, फळी उचलली, कोपऱ्यातला घाव चाचपला. “माझ्या माहेरची फळी! हा खिळा कुणी ठोकला? ही रेघ कुणी मारली? सात आठवडे मी हाताच्या तळव्यावर कांदे चिरतेय!”

भोंग्याच्या बायकोनं कमरेवर हात ठेवले. “काय गं? सापडली?”

नाखव्याच्या बायकोनं तिच्याकडे बघायचं टाळून नवऱ्याकडे बघितलं. ते जास्त सोपं होतं.

“यावर काय करता?” साहेबानं विचारलं.

नाखवा गोणपाटाची घडी घालू लागला.

“अहो बोला की! घरात तर जीभ टाळूला लागत नाही!” बायको म्हणाली.

सुनेनं शेडमधल्या एका टोपलीतून बांगडा उचलला. आपल्या पट्टीवर मोजून सगळ्यांना दाखवला: एकोणीस. मग तो सासऱ्यापुढं धरला. “मामा, हा ठेवाल की सोडाल? एवढंच दाखवा.”

नाखव्यानं मासा घेतला. खोटं मोजावं असं त्याच्या मनात आलं असणार, कारण मासा हातात धरून तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. पण मासा फळीवर टेकवला की हात आपोआप चालतो. तोंड खिळ्याला, अंग सरळ, आणि अंगठा बेचकीवर. अंगठा रेघेच्या अलीकडे.

“सोडतो,” तो म्हणाला.

आधी कुणालाच कळलं नाही. मग एका म्हाताऱ्याला कळलं. “अरे, हा शेपटी सोडून मोजतोय!” तो म्हणाला, आणि मग शेडच्या पत्र्याला हादरे बसतील असं हसू फुटलं. भोंगा हसता हसता खोकला, खोकता खोकता बसला, आणि त्याच्या पाठीवर थापा मारायला त्याच्या बायकोला धावावं लागलं. नाखवा मधोमध मासा घेऊन उभा. कान तांबडे, नजर पायांच्या बोटांवर.

साहेब तेवढा हसला नाही. त्यानं फळी आडवी करून पाहिली, मग मासा स्वतः बेचकीपर्यंत मोजला, मग शेपटी ओढून पुन्हा तसाच मोजला. माप तेच आलं. त्यानं आणखी जोरात ओढली. तेच.

“जास्त मासे सोडल्याबद्दल नियमात शिक्षा नाही,” तो शेवटी म्हणाला. “चौकशी संपली. फळी मी नेतो.”

“का म्हणून?” नाखव्याची बायको म्हणाली.

“नमुना म्हणून.”

“मग मी चिरू कशावर?”

साहेबाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. ते भोंग्याच्या बायकोनं दिलं. “माझी ने,” ती म्हणाली. “खड्डा नाही तिला. एवढं चालवून घे.”

पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी धक्क्यावरच्या खांबाला नवीन नियम लटकला होता. बांगडा अठराच सेंटिमीटर, पण तोंडापासून बेचकीपर्यंत. शेपटी मापात धरली जाणार नाही. शेपटी ओढून माप वाढवण्याचे प्रकार आढळल्याने, असं कारण खाली छापलं होतं. कागदाशेजारी खिळ्यासकट, रेघेसकट, कोयत्याच्या घावासकट फळी टांगलेली होती.

प्रत्येक होडीला निम्मे मासे पाण्यात सोडावे लागणार होते, आणि याला जबाबदार कोण हे कुणाला विचारायची गरज नव्हती. गेल्या वर्षी नाखव्याला हसलेली माणसं यंदा त्याच्याशी बोलेनात. भोंगा बोलला. “तुझ्या आईनं शेपटी मोजली असती तर काय बिघडलं असतं रे?” त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज माणसासारखा आला. नाखव्याला हे सगळं मनातून आवडलं. येडा म्हणून घेण्यापेक्षा नियम काढणारा म्हणून शिव्या खाणं केव्हाही बरं. तो दिवसभर फळीच्या आसपास रेंगाळत राहिला, आणि कुणी खिळ्याला हात लावला तर “जपून” म्हणत राहिला.

अडचण एवढीच होती की फळी खांबावर होती, त्यामुळं होडीवर काही नव्हतं. साहेबानं नव्या पट्ट्या वाटल्या तेव्हा नाखवा हसून बाजूला झाला होता. माप ज्यानं काढलं त्याला पट्टी कशाला? आणि घरात भोंग्याच्या बायकोच्या फळीवर बायको बसता-उठता नजर ठेवून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो टोपली घेऊन रांगेत उभा राहिला. अंदाजानं धरलेले मासे वरून तरी बरे दिसत होते. सुनेनं एकेक पट्टीवर ठेवला. दहावा कमी भरला. अकरावाही. नाखवा पुढं वाकला, माशाचं डोकं सवयीनं डाव्या मुठीत धरलं आणि उजव्या हाताची चिमटी हळूच शेपटीकडे नेली.

“मामा,” सून म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ती पिवळा कागद काढत होती. “शेपटी आता मोजत नाहीत.”

नाखव्यानं चिमटी मागे घेतली, लुंगीला पुसली आणि चिठ्ठीसाठी हात पुढं केला.